पाण्याखालचा बांध

आसरूमामांच्या मागून चालणं ही एक परीक्षाच असायची. माजलगावच्या धरणाचं पाणी उतरायला लागलं की काठाला काळीभोर, सपाट जमीन उघडी पडते. तिच्यावरून मामा चपला हातात घेऊन झपाझप चालत. चालता चालता एखाद्या जागी, समोर काडीचाही अडथळा नसताना, उजवा पाय गुडघ्याइतका वर उचलत, जपून पलीकडे टाकत आणि पुन्हा सरळ चालू लागत. पंचवीस-तीस पावलं गेली की परत तेच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मामांच्या गुडघ्यात वात शिरलाय. मी तसं विचारलंही. ते थांबले आणि पाढे न येणाऱ्या पोराकडे मास्तर बघतो तसं माझ्याकडे बघून म्हणाले, "बांध हाय की तिथं."

बांध नव्हता. धरण व्हायच्या आधी कधीतरी होता. नंतर दरवर्षी पाणी चढलं, उतरलं, लाटांनी माती धुतली, आणि बांध जमिनीसारखाच सपाट झाला. पण मामांच्या हिशेबी तो अजून जागेवर होता. कुणाच्या बांधावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडायचा, ही लहानपणची शिस्त पाण्यामुळे थोडीच मोडायची? तुम्हाला जागा कशी कळते, असं विचारलं की ते एवढंच म्हणत, "पायाला ठावं असतं."

माझ्या पायाला कधीच काही ठावं नसतं. मी सपाट फरशीवरही ठेचकाळतो. केजला एका शाळेत कारकुनी करतो आणि तिथल्या जिन्याची एक पायरी मला गेली बावीस वर्षं चुकते.

मामा माझे सख्खे मामा आणि पुढे सासरेही. आमच्याकडे मामाची लेक करण्याची रीत आहे. सुमनने, म्हणजे मामांच्या लेकीने, मला आधी नकार दिला होता. याला पोहता येत नाही आणि आपलं गाव तीन बाजूंनी पाण्यात, असं तिचं कारण होतं. मामांनीच तिची समजूत घातली, की त्याला कुठं पाण्यात जायचंय, तो काठालाच बसेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'काठाला बसणारा' ही माझी पदवी सुमनने अजून काढून घेतलेली नाही. हळद लागायच्या आदल्या दिवसापर्यंत मामा मला 'तू' म्हणत. हळद लागली आणि मी 'तुमी' झालो, 'जावई' झालो. फार राग आला किंवा काही फारच मनाला लागलं की मात्र त्यांच्या तोंडून 'बे' निघायचं. तीस वर्षांत मी ते दोन-तीनदाच ऐकलं. त्यातलं एक पुढे येईलच.

धरणाला ते सहसा धरण म्हणत नसत. पाहुणा म्हणत. मी आठवीत असताना पाणी आलं आणि मामांचं गाव उठून वरच्या माळावर जाऊन बसलं. जुन्या गावातल्या घरांचं मामा फारसं बोलत नसत. घर काय, कुठंही चार भिंती उभ्या करता येतात, असं त्यांचं मत. पण जमिनीचं तसं नव्हतं. मी केजहून फोन करून तब्येत विचारायचो आणि ते पाहुण्याची तब्येत सांगायचे. पाहुणा दोन पावलं मागं सरला. पाहुणा चार दिवस झाले हलला नाही. पाहुण्याला वरून कुणीतरी खाऊ धाडलाय, म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झालाय. सुमनला वाटायचं आमचं सासरा-जावयाचं काही गुपित चाललंय. मला वाटायचं, माणसाने निदान गुडघ्याचं तरी सांगावं.

दर रविवारी ते पाण्याच्या कडेला एक तुराटी, तुरीची वाळलेली काठी, रोवत. पाणी मागे सरके, पुढच्या रविवारी नवी तुराटी. होळीपर्यंत गावापासून पाण्यापर्यंत तुराट्यांची रांग लागायची, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी, थोडी वाकडी, थोडी डुलणारी. दोन तुराट्यांमधलं अंतर पायाने मोजून मामा सांगत, की या आठवड्यात मोटारी जास्त चालल्या, या आठवड्यात ऊन जास्त होतं. काठावरच्या उसाला पाणी ओढणाऱ्या मोटारी पाण्याच्या मागे मागे खाली उतरायच्या आणि त्यांचे पाईप लांबत जायचे. मामा म्हणत, पाहुण्याला अर्धं ऊन पितं आणि अर्धं आपण. पावसाळ्यात पाणी परत येताना एकेक तुराटी गिळत यायचं. उरलेल्या तुराट्या भोयांच्या, म्हणजे धरणात मासे धरणाऱ्यांच्या, बायका जळणाला न्यायच्या. मामांची त्याला ना नव्हती. त्यांचं काम झालेलं असायचं.

काठ वाचायला मला त्यांनीच शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. पांढऱ्या शिंपल्यांची रेघ दिसली की तिथं पाणी बरेच दिवस थांबलं होतं. बेशरमीची झुडपं जिथं दाट, तिथं ओल टिकते. गावाच्या अंगाला काठ उभा कापल्यासारखा का, तर समोरून वारा येतो आणि लाटा रोज थोडी थोडी माती खातात. ती माती जाते कुठं? खाली खोलात, गाळ होऊन. त्यामुळे वरची जमीन दरवर्षी हाडकते आणि खालची जाडी होते. गाळपेर करणारे लोक, म्हणजे उतरत्या पाण्यामागे ओल्या जमिनीत हरभरा-जोंधळा टाकणारे, पार पाण्याच्या ओठापर्यंत नांगरायचे. मामा त्यांना सांगायचे, शेवटची चार तासं, म्हणजे नांगराच्या चार ओळी, सोडा, गवत राहू द्या, नाहीतर पाणी परत येताना तुमची माती घेऊनच येईल. कुणी ऐकायचं नाही. मग ते स्वतःच जाऊन त्या कडेला दगड लावून यायचे. दुसऱ्याच्या वावराच्या कडेला. एकदा एकाने विचारलं की तुमचं काय जातंय यात? मामांनी दगड खाली ठेवला, कंबर सरळ केली आणि म्हणाले, "माझं जायचं ते कवाच गेलंय, म्हनून तुझं संभाळतोय."

त्यांचं स्वतःचं वावर दरवर्षी उघडं पडणाऱ्या जमिनीत नव्हतं. ते त्याच्याही खाली होतं, ओढ्याच्या चढणीला. धरण अगदी तळाला गेल्याशिवाय ते दिसायचं नाही. काठावर उभं राहून मामा मला बोट करून दाखवत. धारूरच्या डोंगरात ती खाच दिसते ना, तिच्या सरळ खाली, त्या बगळ्याच्या अलीकडं. बगळा उडून जायचा. मला सगळीकडे सारखंच पाणी दिसायचं. मी मान डोलवायचो.

दरवर्षी धरण भरलं की गावातल्या बायका पाण्याची ओटी भरत आणि गावातला वडीलधारा म्हणून नारळ मामांच्या हातात देत. खण, हळदीकुंकू, गुलाल, सगळं गाव काठाला. पाणी आलं म्हणजे पोरंबाळं घरी राहिली, कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जायची वेळ दोन-चार घरांची तरी टळली. आनंद खोटा नव्हता. पण मामांच्या हाताने नारळ पहिल्या टोल्यात कधी फुटला नाही. तीन टोले लागायचे, कधी चार. लोक म्हणायचे, म्हातारा थकला. हाच म्हातारा घरी बाभळीचा ओंडका दोन घावांत फोडायचा. मी एकदा मामीजवळ गमतीने हे बोललो. मामी ओटीचं ताट सावरत हळूच म्हणाली, "त्येंचं वावर बुडतंय न्हवं. दरसाल नव्यानं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळं गाव ज्याची वाट पाहायचं, त्याच्या बरोबर उलट गोष्टीची मामा वाट पाहायचे. आणि त्याची त्यांना लाज वाटायची. एकदा माझ्या मोटारसायकलवर मागे बसून माजलगावच्या बाजाराला निघाले असताना त्यांनी मला मध्येच विचारलं होतं, "जावई, धरन आटावं असं ज्याला वाटतं, त्याला काय म्हनावं?" मी खड्डा चुकवण्यात गुंतलेला. म्हणालो, असं कुणाला वाटेल मामा, डोकं फिरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. बाजारात उतरल्यावर त्यांनी मिरचीचा भाव काढला. मला वाटलं, वाऱ्यामुळे ऐकू आलं नसेल.

आता दुसऱ्या एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. मामांचे धाकटे भाऊ, भानूतात्या. नव्या गावात दोन गल्ल्या पलीकडे राहत. दोघांत बोलणं नव्हतं. धरणाच्या आधी दोन वर्षं मामांनी आरोप केला होता की भानूने सामाईक बांध दीड हात माझ्याकडे सरकवला. तात्या म्हणाले, बापाने घातला तिथंच आहे. वडिलांनी वाटणी करताना हद्दीचा दगड पुरला होता, पण तो झुडपांत, मातीत कुठे गडप झाला ते दोघांनाही सापडेना. मग मामांनी एका सकाळी कुदळ घेऊन बांध दीड हात 'परत' सरकवला. त्या दिवसापासून अबोला. पुढे धरण आलं, दोन्ही वावरं आणि तो बांध पाण्याखाली गेला. भांडण तेवढं कोरडं राहिलं. वर दोन-तीन पुरुष पाणी, त्यावरून भोयांच्या होड्या चाललेल्या, आणि खाली त्या दीड हातासाठी हे दोघे भाऊ लग्नकार्यात एका पंगतीला बसत नव्हते. मामी आणि भानूतात्यांची बायको मात्र लोणच्याच्या बरण्या एकमेकींकडे मागच्या दाराने पाठवत. दोघांनाही ते माहीत असायचं. दोघेही लोणचं खायचे आणि कुठलं ते विचारायचे नाहीत.

मग ते वर्ष आलं. पाऊस मृगात दोनदा दिसला आणि गेला. पोळ्याला बैलांना धुवायला पाणी नव्हतं. दसऱ्याच्या आतच अर्धं गाव कोयते बांधून ऊसतोडीला गेलं, नेहमीपेक्षा लांब. गावात टँकर सुरू झाला. मोटारींचे पाईप तळाच्या डबक्यापर्यंत पोचले आणि मग मोटारीही बंद पडल्या. आणि मला मामांचा फोन आला. तीस वर्षांत त्यांनी आपणहून केलेला पहिला. आवाज इतका हळू, की जणू देवघरातून बोलतायत. "पाहुना उठला. तुमी या."

मी रजा टाकून गेलो. सकाळी दोघे उतरलो. तुराट्यांची रांग एवढी लांब कधीच नव्हती. पायाखाली शिंपले कुरकुरत होते. एक होडी कलंडून पडली होती, तिच्यात कुत्रं झोपलं होतं. मग जुन्या गाडीवाटेचा खडीचा पट्टा लागला, आणि त्यानंतर गाळाने भरलेल्या विहिरीचं गोल कडं. तिथं मामांनी चपला काढून हातात घेतल्या. विहीर भानूतात्यांची. म्हणजे आम्ही तात्यांच्या वावरात होतो आणि पुढे मामांचं. चढणीची जमीन होती, गाळ तिच्यावर बसलेला नव्हता, उलट लाटांनी वरची माती नेऊन बारीक खडे उघडे पाडले होते. मामा पावलं मोजत गेले. एका जागी थांबले. डोंगरातल्या खाचेकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. मग पाय उंच उचलला आणि पलीकडे टाकला. स्वतःच्या वावरात. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ती पाठ एकदा हलली, एवढंच मी पाहिलं.

मागोमाग मी. मी काही पाय उचलला नाही. आणि त्यांच्या पावलाच्या पुढचं माझं पाऊल पडतंय तोच अंगठ्याला अशी ठेच लागली की मी सरळ हातांवर आलो. नख फाटलं. मामा हसायला म्हणून वळले. ते बरेच दिवस माझ्या पडण्यावर जगत आले होते. पण हसले नाहीत. माझ्या अंगठ्याकडे नाही, अंगठ्यासमोरच्या दगडाकडे बघत राहिले.

जमिनीतून चार बोटं वर आलेला काळा दगड. मामा खाली बसले, बोटांनी माती उकरली, तळहाताने पुसली. दगडावर फुलीची खूण होती. मामांनी मघाशी जिथं पाय उचलला होता, तिथून बरोबर दीड हात आत. मामा ज्याला आपलं म्हणत होते, त्या बाजूला.

मला कळायला थोडा वेळ लागला. बांध सरकवला होता तो मामांनीच. तात्यांचं म्हणणं खरं होतं. एवढी वर्षं जो बांध मामांनी मनात जपला होता, तो त्यांनीच चुकीच्या जागी नेलेला होता. पायाला ठावं होतं ते खोटं होतं.

आता मी जे बोललो ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, मामा, पाण्याने दगड सरकला असेल. आणि नसला तरी काय? इथं बघतंय कोण? आठ-दहा महिन्यांत पाणी येईल. पेरून घ्या.

"गप बे," मामा म्हणाले. मग दगडावर हात ठेवून, "तीन हात खोल पुरलाय. खड्डा मीच घेतलता. बाप वरून म्हनत हुता, आनखी खोल घे, आनखी."

ते उठले आणि चपला हातातच घेऊन गावाकडे चालू लागले. परत जाताना त्यांनी त्या जागी पाय उचलला नाही. दगडाजवळ उचलला. मी मागे लंगडत.

भानूतात्या दारात बाज विणत बसले होते. मामा अंगणाच्या कडेला उभे राहिले. पायाला चिखल, हातात चपला. तात्यांनी मान वर केली नाही. सुतळीचं टोक दातात धरलेलं होतं.

"भान्या, दगड सापडला."

तात्यांचा हात थांबला. "कुठं?"

"तू म्हनतूस तिथं."

तात्यांनी दातातलं टोक काढलं, वळण घालून ओढलं, गाठ मारली. ती गाठ मारायला त्यांनी जेवढा वेळ लावला तेवढ्यात माणूस अख्खी बाज विणेल. मग म्हणाले, "आता कावून सांगतूस? पाऊस झाला की बुडंलच."

"म्हनून तर आलो," मामा म्हणाले. "बुडायच्या आत सांगावं म्हनलं."

तात्या माझ्याकडे वळले, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि आत आवाज दिला, की चहा टाका आणि हळद आणा, जावयाचं नख गेलंय. मग मामांना बाज दाखवून म्हणाले, "बस. अजून ढिली हाय, मधी बसू नको."

त्यानंतर त्या दोघांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, कारण मला हळद लावायला आत नेलं. बाहेर आलो तेव्हा दोघे बाजेच्या दोन कडांना बसले होते आणि मधली जागा रिकामी होती. तिसरा कुणी बसेल एवढी. तात्या मला म्हणाले, न्यायाला तुमचं नख लागलं, जावई, कोर्टात आमची वावरं लागली असती.

दोघांनी मिळून पेरलं. एक तिफण, एकच बी. मध्ये बांध घातला नाही. ती तिफण दगडापाशी आली की तात्या ती उचलून पलीकडे ठेवत. ओल धरलेली जमीन होती, बाहेर रान करपलेलं असताना तिथं जोंधळा कमरेएवढा झाला. दाणे हुरड्याला आले तेव्हा मामांनी गावात जे कुणी उरले होते त्या सगळ्यांना बोलावलं. म्हातारी माणसं होती, ऊसतोडीला न गेलेली. मामांनी स्वतः आगटी लावली, कणसं भाजली, हातावर चोळून प्रत्येकाच्या पुढ्यात गरम हुरडा ठेवला, बरोबर तिळाची चटणी. स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाही. मी दोनदा हात पुढे केला, त्यांनी दोनदा परतवला. मामी मला नंतर म्हणाली, गावात टँकर येतोय आणि यांचं वावर उघडं पडलंय, त्यांच्या घशाखाली कसं उतरावं. मला मोटारसायकलवरचा तो प्रश्न आठवला आणि माझं उत्तर आठवलं. तेव्हा मी मामांकडे गेलो. काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी म्हणालो, मामा, हुरडा लई गोड झालाय. त्यांनी माझ्या हनुवटीला चिकटलेला दाणा काढून टाकला.

जोंधळ्याची एक पेंडी त्यांनी घरात आढ्याला टांगली. चिमण्यांसाठी म्हणाले. ती अजून तिथंच आहे. चिमण्यांनी दाणे कधीच संपवले, रिकामी कणसं राहिलीत.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. चांगला झाला. धरण भाद्रपदात काठोकाठ भरलं. त्या वर्षीच्या ओटीला मी नव्हतो, शाळेत तपासणी होती. सुमन गेली होती. ती सांगते, नारळ पहिल्या टोल्यात फुटला आणि सगळ्यात जास्त मामाच दचकले. त्यानंतर हिवाळ्यात ते गेले. मला खबर आली तेव्हा मी नेहमीसारखा त्या चुकणाऱ्या पायरीवर होतो.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ओटीच्या आधी, श्रावणात. पाहुणा बांधाला लागलाय, एवढाच निरोप होता. मी गेलो तोवर दुपार कलली होती. गावाच्या टोकाला, काठ जिथं उभा कापलेला आहे, तिथं मोटारसायकल लावली आणि हाकेच्या अंतरापर्यंत खाली उतरलो. पाणी त्या दोन वावरांत शिरलं होतं. दगड दिसेनासा झाला होता, नुसतं करडं, हलतं पाणी. त्यात घोट्याएवढ्या पाण्यातून दोन म्हातारे चालले होते. पुढे मामा, मागे भानूतात्या, दोघांच्याही चपला हातात. काही बोलत असावेत, कारण तात्या मध्येच काठी हलवत होते. मी हाक मारणार होतो. तेवढ्यात दगडाच्या जागेपाशी मामा थांबले. पाण्यात समोर काहीही नव्हतं. त्यांनी पाय उंच उचलला, पाणी निथळलं, आणि तो पलीकडे टाकला.

मागून तात्या आले. बरोबर त्याच जागी, त्यांनीही उचलला.